लिलीवर लालभडक भुंगेरे पडलेत. मुळाशी औषध ओतावं का?

ओवी_न्यूटन | १४ मे

नमस्कार मंडळी. बॉस्टनजवळ राहते. घरामागच्या वाफ्यात आशियाई आणि ओरिएंटल अशा दोन्ही प्रकारच्या लिली आहेत. बरेचसे कंद सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांनी लावलेले, त्यामुळे त्यांच्यात जीव गुंतलाय.

या आठवड्यात पानांना भोकं दिसली. वाकून पाहिलं तर लाल, गुळगुळीत, लाख लावल्यागत चमकणारे किडे. लांबी पाव इंचाच्या आसपास, डोकं, पाय आणि मिशा काळ्या कुळकुळीत. लेक म्हणते लेडीबग आहेत, त्यांना मारू नकोस. पण पाठीवर एकही ठिपका नाही आणि अंग लांबट आहे. हात लावायला गेलं की टपकन खाली पडतात आणि मग शोधून सापडत नाहीत. दोन-तीन पानांच्या खाली ओलसर काळपट चिकटा आहे, तो गोगलगायींचा आहे की यांचाच, ते कळत नाही.

शेजारचे गृहस्थ सांगतात, मुळाशी औषध ओता, वर्षभर बघायला नको. पण बागेत मधमाश्या येतात, वांगी-टोमॅटोचा वाफा अगदी लागून आहे. हात धजत नाही. कोणाला अनुभव आहे का?

---

सरेकर | १४ मे

ओवी, हे ढालकिडे नाहीत, तेव्हा लेकीची समजूत घालावी लागेल. हा लिलीचा लाल भुंगेरा, शास्त्रीय नाव लिलिओसेरिस लिलिआय. आमच्या इंग्लंडात लिली लावणाऱ्या प्रत्येकाची याच्याशी गाठ पडते. १९३९ मध्ये याने सरे परगण्यात बस्तान बसवलं. बरीच वर्षं तो इथेच आसपास रेंगाळला आणि मग पसरत पसरत स्कॉटलंड, आयर्लंडपर्यंत गेला. तुमच्याकडे तो त्यामानाने नवा. उत्तर अमेरिकेत आधी माँट्रियलला आला, १९४३ च्या सुमारास, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये केंब्रिजला १९९२ मध्ये सापडला. म्हणजे तुमच्या अंगणाच्या अगदी जवळ.

त्या चिकट्याकडे आधी बघा. तो गोगलगायीचा नाही. पान उलटं करून काडीने तो जरा बाजूला सारा, खाली नारिंगी-पिवळट, फुगीर पाठीची, काळ्या डोक्याची अळी दिसेल. ती स्वतःची विष्ठा स्वतःच्या पाठीवर वाहून नेते. पक्षी आणि इतर शिकारी किडे तिच्या वाटेला जात नाहीत ते त्यामुळे. आणि खरं नुकसान ही अळी करते. भुंगेरा पानाला भोकं पाडतो, अळ्या मात्र टोकापासून देठापर्यंत पानं फस्त करतात, मग कळ्यांवर जातात. पानं गेली की कंदाला अन्न मिळत नाही, पुढच्या वर्षी कोंब बारीक येतो, आणि असं लागोपाठ होत राहिलं तर फुलं येणंच थांबतं. 'यंदा लिली रुसली' असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या बागेत हेच झालेलं असतं.

आता त्याचं वर्षाचं चक्र समजून घ्या, कारण सगळे उपाय त्यावर बेतलेले आहेत. थंडीत प्रौढ भुंगेरे मातीत आणि पालापाचोळ्यात दडून बसतात, आणि ते लिलीच्याच खाली असतील असंही नाही. वसंतात लिलीचे कोंब वर आले की बाहेर पडतात, थोडं खातात, जोड्या जमतात. मादी पानाच्या खालच्या बाजूला वेड्यावाकड्या ओळीत अंडी घालते. अंडी आधी फिकट तपकिरी-नारिंगी असतात, फुटायच्या बेताला गडद लाल होतात. एक मादी मोसमात काहीशे अंडी सहज घालते. आठवडा-दहा दिवसांत अळी बाहेर, दोन ते तीन आठवडे खादाडी, मग जमिनीत उतरून कोष, आणि आणखी दोन-तीन आठवड्यांनी नवा भुंगेरा. तो शरद ऋतूपर्यंत खात हिंडतो आणि दडी मारतो. वर्षाला पिढी एकच. आपल्या हातात जी काही बाजू आहे ती हीच: मे-जूनमध्ये अंडी काढली तर त्या वर्षीची लढाई बरीचशी तिथेच निकालात निघते.

---

शेतकी_सातारा | १५ मे

परदेशातल्या लिलीचं मला फारसं कळत नाही, पण सरेकरांनी केलेलं वर्णन वाचून आमच्या वेलवर्गीय पिकांवरचा तांबडा भुंगेरा आठवला. काकडी, भोपळा, दोडका लावणारा शेतकरी त्याला चांगलाच ओळखतो. दोघांचं कूळ एकच, क्रायसोमेलिडी, म्हणजे पानं खाणारे भुंगेरे. फरक एक आहे: आमच्या तांबड्या भुंगेऱ्याची अळी जमिनीत राहून मुळं पोखरते, तुमची अळी उघड्यावर पानावर असते. म्हणजे तुमचा शत्रू डोळ्यांना दिसतो. ही मोठी सोय आहे, तिचा फायदा घ्या.

आमच्याकडे जुनी माणसं सकाळी दव असताना वेलांवर चुलीतली राख भुरभुरायची. पान ओलं असल्याने राख चिकटते आणि भुंगेरा पान सोडतो. आणखी एक गोष्ट ते पहाटेच करायचे, ती म्हणजे भुंगेरे वेचणं. गारठ्यात भुंगेरा सुस्त असतो, उडत नाही.

---

सरेकर | १५ मे

पहाटेचं अगदी खरं. राखेबद्दल मात्र इथल्या हवेत भरवसा नाही, एका सरीत धुऊन जाते. शिवाय अंडी-अळ्या पानाखाली, राख पानावर.

वेचायची रीत सांगतो. हा भुंगेरा सावली पडली किंवा फांदी हलली की पाय आखडून खाली पडतो, आणि पडतो तो बहुधा उताणा. पोट काळं असल्याने काळ्या मातीत गुप्त होतो. म्हणून आधी झाडाखाली पांढरं फडकं किंवा ओला केलेला वर्तमानपत्राचा कागद पसरा. मग एका हातात साबणाच्या पाण्याचा पसरट डबा पानाच्या बरोबर खाली धरा आणि दुसऱ्या हाताने वरून टिचकी मारा. जो डबा चुकवेल तो फडक्यावर दिसेल. साबण हवाच, नुसत्या पाण्यावर ते तरंगतात आणि चढून बाहेर येतात.

अंड्यांसाठी ओला कागदी रुमाल घ्या, पान दोन बोटांत धरून खालून एकदा पुसून काढा. अळ्यांना हातमोजे घाला, किंवा पाईपच्या जोरदार धारेने आधी त्यांची पाठ धुऊन काढा. आठवड्यातून किमान दोनदा प्रत्येक झाडाचं प्रत्येक पान उलटून बघायचं. अंड्यातून अळी निघायला लागणारा वेळ बघता याहून जास्त दिवस मध्ये जाऊ देऊ नका.

लेकीला सोबत घ्या. भुंगेरा मुठीत धरून कानाशी नेला तर बारीक चीं-चीं ऐकू येते. तो पंखांच्या टोकाशी पोट घासून आवाज काढतो. मुलांना याचं फार आकर्षण.

---

ओवी_न्यूटन | १६ मे

चिकटा सारला, खरंच अळी निघाली! सगळं जसंच्या तसं. सकाळी फडकं पसरून बसलो आम्ही दोघी. लेकीने आवाजही ऐकला.

हे लाल किडे पहिल्यांदा दिसले तेव्हा मला मृगाचा किडाच आठवला होता, पावसाच्या आधी मखमलीचा ठिपका फिरावा तसा. त्या प्रेमाने की काय, आधी मारवेनात. आता मारवतात.

एक विचारायचंय. कडुनिंबाच्या तेलाचा उपयोग होतो का? आईने फोनवर पहिलं तेच सांगितलं.

---

नीलांबरी_र्‍होड_आयलंड | १६ मे

ओवीताई, होतो, पण कशावर होतो ते नीट कळायला हवं. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन हे द्रव्य लहान अळ्यांवर चांगलं काम करतं. मोठ्या झालेल्या अळीवर कमी, आणि प्रौढ भुंगेऱ्याला ते फार तर दूर ठेवतं, मारत नाही. म्हणून अंडी फुटायला लागली की फवारणी सुरू करायची आणि पाच ते सात दिवसांनी पुन्हा पुन्हा करायची. पानाच्या खालून फवारा. वरून फवारलेलं फुकट जातं. संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. भर उन्हात तेल मारलं तर पानं करपतात. आणि बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळायचं, 'निंब आहे, काय होतंय' म्हणून दाट करायचं नाही.

(सरेकर, तुमच्याकडे घरच्या बागेत निंबाला कीटकनाशक म्हणून परवानगी नाही ना? तेव्हा हा सल्ला अमेरिकेपुरता.)

स्पिनोसॅड हे कीटकनाशकही चालतं, पण ओलं असताना ते मधमाश्यांना घातक आहे, तेव्हा तेही फुलावर आलेल्या झाडावर नको. आणि बीटी नावाची जी पावडर भाज्यांवरच्या अळ्यांसाठी मिळते, ती इथे निरुपयोगी. ती फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांसाठी असते, भुंगेऱ्याच्या अळीला तिचं काही होत नाही. दुकानात 'अळीनाशक' म्हणून तीच हातात देतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मुळाशी औषध ओतण्याबद्दल मला सविस्तर बोलायचंय, रात्री लिहिते.

---

टेक_बागायतदार | १६ मे

एवढं पानं पुसत बसायला नोकरी करणाऱ्याला वेळ कुठून मिळणार? मी पूर्वी वसंतात एकदाच इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची आळवणी करायचो, म्हणजे ते मुळाशी ओतायचो, मोसमभर एक किडा दिसत नसे, फुलं भरघोस. ज्याला वेळ नाही त्याने ते का वापरू नये? शेतात सगळे वापरतातच की.

---

नीलांबरी_र्‍होड_आयलंड | १७ मे

टेक_बागायतदार, वेळेचा प्रश्न खरा आहे आणि आळवणीने भुंगेरे मरतात हेही खरं आहे. ते औषध आंतरप्रवाही असतं, मुळांतून शोषलं जाऊन पानापानांत पोचतं. पण ते पानांवरच थांबत नाही, पराग आणि मधुरसातही उतरतं. लिलीवर जे येईल त्या सगळ्यांच्या पोटात जातं. मातीतही ते बराच काळ टिकतं, आणि ओवीताईंचा टोमॅटोचा वाफा शेजारीच आहे. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्याचा उघड्यावरचा वापर बंद केला. मॅसॅच्युसेट्समध्ये १ जुलै २०२२ पासून घरच्या बागेतल्या शोभेच्या झाडांना या गटातली औषधं परवानाधारक माणसाशिवाय कोणी घालू शकत नाही. तेव्हा ओवीताईंच्या शेजाऱ्यांकडे जुनी बाटली असेल तर ती वापरूच नये, गावाच्या घातक कचऱ्याच्या संकलनात द्यावी.

आता मला खरं सांगायचं होतं ते. या भुंगेऱ्याने युरोपात एवढा धुमाकूळ घातला नाही, कारण तिथे त्याच्या अळ्यांवर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या आहेत. अमेरिकेत भुंगेरा आला, त्याचे वैरी मागेच राहिले. आमच्या र्‍होड आयलंड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने १९९० च्या दशकात हे काम हाती घेतलं, युरोपातून या माश्या आणल्या, त्या इथल्या दुसऱ्या कशावर जात नाहीत ना हे तपासलं आणि मगच सोडल्या. पहिली टेट्रास्टिकस सेटिफर, १९९९ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या वेलस्लीला. पुढे लेमोफेगस एराबंडस आणि डायापार्सिस जुकुंडा. वेलस्ली तुमच्या न्यूटनला लागूनच आहे, ओवीताई.

गांधीलमाशी म्हटल्यावर घाबरू नका. चिलटाएवढी असते, माणसाला चावत नाही. टेट्रास्टिकसची मादी भुंगेऱ्याच्या अळीच्या अंगात आपली अंडी घालते. ती अळी पुढेही खात राहते, जमिनीत उतरते, कोषाची तयारी करते आणि तिथे मरते. तिच्या जागी माशीची पिल्लं थंडी काढतात आणि पुढच्या वसंतात बाहेर पडतात. जिथे माश्या रुजल्या तिथे काही वर्षांत भुंगेऱ्यांची संख्या खूप खाली आलेली आहे. ओटावाच्या कार्लटन विद्यापीठानेही हीच माशी तिकडे सोडली.

म्हणून आळवणीला माझा ठाम विरोध आहे. अळ्या सगळ्या मेल्या की माशीला वाढायला काही उरत नाही, आणि दरवर्षी पुन्हा आपण आणि बाटली. मला हे काम फार मोलाचं वाटतं. लोकांनी आयुष्याची वर्षं घालून त्या माशीला इथे रुजवलंय, तिला जागा द्यायला हवी.

---

ओवी_न्यूटन | १७ मे

मग मी अळ्या वेचाव्यात की नाही? वेचल्या तर आतली माशीची पिल्लंही जाणार ना?

---

नीलांबरी_र्‍होड_आयलंड | १८ मे

अगदी योग्य प्रश्न. प्रौढ भुंगेरे आणि अंडी बिनधास्त काढा, माशीचा त्यांच्याशी संबंध नाही. अळ्यांसाठी मी असं करते: ज्या लिली अंगणात दर्शनी आहेत, जिवाभावाच्या आहेत, त्यांच्यावरच्या अळ्या काढते. कुंपणाकडे एक कोपरा मुद्दाम सोडलाय, तिथल्या अळ्यांना हात लावत नाही, निंबही फवारत नाही. त्या कोपऱ्यातली माती शरदात आणि वसंतात खणायची, उकरायची नाही, वरचं आच्छादन तसंच ठेवायचं. सासूबाईंच्या कंदांना त्या कोपऱ्यात ठेवू नका एवढंच.

---

टेक_बागायतदार | १८ मे

कायद्याचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद. माझ्याकडे अर्धी बाटली आहे, ती जमा करतो. शनिवारी सकाळी पानं उलटून बघायचं जमेल, बुधवारचं संध्याकाळी. तेवढ्याने भागेल?

---

सरेकर | १८ मे

भागेल. झाडं किती यावर सगळं आहे. पन्नास-साठ लिली असतील तर निम्म्या कमी करा, हे मी मनापासून सांगतो. नीट बघता येतील एवढ्याच ठेवलेल्या बऱ्या.

---

मावळतीचा_वारा | २० मे

मी रत्नागिरीहून. आमच्या अंगणातल्या स्पायडर लिलीवर आणि कुंपणावरच्या कळलावीवर काळ्या अळ्या झुंडीने पडल्यात, अंगावर पांढरे-तांबडे ठिपके. एका रात्रीत पान चाळणी. हाच भुंगेरा का? इथेही आलाय का?

---

शेतकी_सातारा | २० मे

नाही, काळजी नको. तुमच्याकडचा जीव वेगळाच आहे. तो पतंग, पॉलिटेला ग्लोरिओसे. नावातच कळलावी आहे, कारण ग्लोरिओसा म्हणजे आपली कळलावी. स्पायडर लिली, नागदवणा, अमरिलिस हेही त्याला चालतं. आपण अंगणात ज्यांना लिली म्हणतो त्यातल्या बहुतेक तशा खऱ्या लिली नाहीतच, म्हणून या मंडळींचा लाल भुंगेरा आपल्या झाडांवर आढळत नाही.

उपाय सोपा. पानावर अंड्यांचा पुंजका आणि लहान अळ्या एकत्र असतात तेव्हाच ते पान कापून साबणाच्या पाण्यात बुडवायचं. उरलेल्यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी. पतंगाची अळी असल्याने नीलांबरीताईंनी वर सांगितलेली बीटी तुमच्याकडे मात्र चालेल, अळ्या लहान असतानाच. कळलावी विषारी आहे, कापल्यावर हात स्वच्छ धुवा.

---

कारंदा_प्रेमी | २१ मे

थोडं अवांतर, पण राहवत नाही. मी फ्लोरिडात असते. याच लिलिओसेरिस वंशातला एक लाल भुंगेरा, लिलिओसेरिस चेनी, इथे सरकारी शास्त्रज्ञांनी मुद्दाम सोडलाय! आपल्या कोकणातल्या कारंद्याचा वेल, डायोस्कोरिया बल्बिफेरा, इथे जंगलांवर चढून झाडं गुदमरवतो. नेपाळ आणि चीनमधून आणलेला हा भुंगेरा फक्त त्याचीच पानं खातो. तर इथे कोणाला लाल भुंगेरा कारंद्यावर दिसला तर कृपा करून मारू नका. तुमच्या लिलीवर तो येत नाही.

---

ओवी_न्यूटन | १९ जुलै

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आशियाई लिलींची खालची पानं गेली, पण कळ्या वाचल्या आणि फुलल्या. ओरिएंटलना मुळात कमी लागण झाली. कुंपणाजवळ ऑरेंज डे-लिली आहेत, त्यांच्यावर एकही भुंगेरा नाही. त्या याला आवडत नाहीत का? आणि आता पुन्हा चकचकीत लाल भुंगेरे दिसायला लागलेत. वर्षाला एकच पिढी म्हणाला होतात ना?

---

सरेकर | २० जुलै

ही तीच पिढी. मे-जूनमधल्या ज्या अळ्या हातून निसटल्या त्यांचे हे भुंगेरे, जमिनीतून नुकते निघालेले. ते यंदा अंडी घालणार नाहीत, पण आत्ता वेचलेला प्रत्येक भुंगेरा पुढच्या मेमध्ये येणार नाही. थंडी पडेपर्यंत सकाळचा फेरा चालू ठेवा.

डे-लिली नावापुरती लिली. हा भुंगेरा खऱ्या लिलियम, फ्रिटिलरिया आणि कार्डिओक्रायनम यांच्यावरच अंडी घालून वाढतो. फ्रिटिलरिया लिलीच्या आधी उगवते, म्हणून ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी पहिला फेरा तिथूनच सुरू करावा.

घरात मांजर असेल तर एवढं ऐका: लिलियम आणि डे-लिली दोन्ही मांजरांना अत्यंत विषारी. पान चावलं, परागकण अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. लगेच पशुवैद्याकडे न्यायचं, वाट बघायची नाही.

---

नीलांबरी_र्‍होड_आयलंड | २० जुलै

ओरिएंटलना कमी लागतं हे बरोबर, आशियाई त्याला सगळ्यांत प्रिय. नवीन घ्यायच्या असतील तर 'ब्लॅक ब्यूटी' बघा, लिलियम हेन्रीमधली 'मॅडम बटरफ्लाय' आणि लिलियम स्पेसिओसममधली 'उचिदा' बघा. अजिबात लागत नाही असं नाही, पण अळ्या त्यांच्यावर नीट पोसत नाहीत.

---

ओवी_न्यूटन | ३ ऑक्टोबर

शेवटची शंका. न्यू हॅम्पशायरच्या मैत्रिणीला सासूबाईंच्या लिलीचे पिल्ले-कंद द्यायचेत. तिच्या बागेत हा किडा अजून नाही. देऊ का? आणि वाफ्यातला सगळा पाला काढून टाकू का, म्हणजे भुंगेरे थंडीत मरतील?

---

सरेकर | ४ ऑक्टोबर

पाला काढून फारसं साधत नाही. भुंगेरे बागेत कुठेही, शेजारच्या अंगणातही दडतात, आणि नीलांबरीने सांगितलेल्या माश्या मात्र नेमक्या लिलीखालच्या मातीत असतात. तो राहू द्या.

कंद खुशाल द्या, पण कुंडीतलं झाड देऊ नका. हा किडा दूरच्या गावी पोचतो तो बहुतेक कुंडीतल्या लिलीबरोबरच, मातीत भुंगेरे असतात आणि पानांवर अंडी. पानं पूर्ण वाळली की कंद काढा, माती झटकून वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुवा, खवल्यांच्या फटीही बघा, सुके खोड कापून टाका. सावलीत पाणी निथळू द्या आणि जेमतेम ओलसर पीट मॉसमध्ये गुंडाळून द्या. लिलीच्या कंदाला वरून कांद्यासारखं सालपट नसतं, तो पटकन सुकतो, म्हणून मैत्रिणीला म्हणावं आठवड्याच्या आत लाव, कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल. आणि मे उजाडला की पानं उलटून बघायला तिलाही सांगा.